नऊ नंबरचा बिल्ला

आमच्या डोंगरातल्या तोकाविता गावच्या बटाटा बाजारात म्हाताऱ्या हमालाला काढायचं असलं, तर त्याला कुणी तोंडावर 'जा' म्हणत नाही. आमच्याकडे त्याची रीत वेगळी आहे. एरवी ट्रकवर उभे असलेले दोघे जण खालच्या हमालाच्या खांद्यावर पोतं धाडकन टाकतात. पन्नास किलोचं पोतं, तेही हातभर उंचीवरून. तो धाडकन आवाज म्हणजे हमालाचा मान. मग एक दिवस मुकादम खालून ओरडतो, "हळू ठेवा रे म्हाताऱ्याला!" आणि ते दोघे अंड्यांची टोपली ठेवावी तसं पोतं अलगद ठेवतात. सगळा बाजार ऐकतो. दुसऱ्या दिवसापासून तो हमाल येत नाही.

अब्दोन तिबादुईसाला हे वाक्य ऐकवलं गेलं, तेव्हा त्याची मुलगी अनातिल्दे चार पावलांवर गुळाच्या पाण्याची किटली घेऊन उभी होती. बाजारात गरम गूळपाणी आणि मक्याच्या भाकऱ्या विकायचा तिचा धंदा. वय बत्तीस, लग्न केलेलं नाही, जीभ तिखट. तिनं बापाचा चेहरा पाहिला. अब्दोननं पोतं नेऊन थप्पीला लावलं, हात झटकले आणि कुणाकडे न बघता घरी निघून गेला.

ते वाक्य ओरडणारा मुकादम म्हणजे बेलार्मिनो. परका असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण हा अब्दोनचा तीस वर्षांचा जोडीदार. अनातिल्देच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेऊन उभा राहिलेला तोच, म्हणून ती त्याला लहानपणापासून धर्मबाबा म्हणायची. अब्दोनचा गुन्हा काय, तर फळीवर एकदा पाय घसरला. एकदाच! आणि बेलार्मिनोला आपल्या भाच्यासाठी एक जागा हवी होती. हे बाजारातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं, पण बोललं कोण? कुणी नाही.

घरी अब्दोन चुलीजवळ बसायचा. अंगावर रुआना, म्हणजे आमची लोकरीची घोंगडी, हातात पितळेचा नऊ नंबरचा बिल्ला. बोलणं बंद, खाणं नावाला. चार महिन्यांत गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. अनातिल्देला विचाराल तर ती सांगेल, बापाला बेलार्मिनोनं मारलं आणि तेही फुकटात.

आता आमच्या बाजारात हमालाचा बिल्ला त्याच्या लेकराला जातो. बापासाठीची नऊ दिवसांची प्रार्थना संपली तशी अनातिल्दे काळे कपडे घालूनच बाजारात गेली आणि रीतीप्रमाणे बापाचा बिल्ला तिनं मुकादमाच्या हातात दिला.

"धर्मबाबा, नऊ नंबर माझा आहे."

बेलार्मिनो हसला. "बिल्ला मुलाला जातो, पोरी."

"बाबांना मुलगा नव्हता. मी होते."

"बरं," तो म्हणाला, आणि ट्रकवरच्या एव्हेलियोला त्यानं डोळा मारला. "खांदा लाव मग. बघू."

तिनं खांदा लावला. एव्हेलियोनं आणि त्याच्या जोडीदारानं पोतं छातीइतकं उचललं आणि तिथून सोडलं. अनातिल्देचे गुडघे मोडले. ती तोंडावर पडली, गाल चिखलात, पोतं पाठीवर. बाजार असा हसला की देवळावरची कबुतरं उडाली. ती उठेपर्यंत बेलार्मिनोनं भाच्याला, त्या येफेर्सनला पुढे बोलावून तिच्या डोळ्यांदेखत नऊ नंबरचा बिल्ला त्याच्या छातीवर लावलाही होता.

"आणि ऐका रे सगळे," तो म्हणाला. "आजपासून हिच्या खांद्यावर जो कुणी पोतं देईल, हिला जो हात लावेल, त्यानं माझ्या टोळीत यायचं नाही. कळलं?"

सगळ्यांना कळलं. अनातिल्देनं गालावरचा चिखल पुसला आणि मनाशी शपथ घेतली. बापाचा बिल्ला तर परत घ्यायचाच. पण नुसता बिल्ला नाही. जे वाक्य बापाच्या कानात घातलं, तेच या माणसाच्या घशात घालायचं, याच बाजारात, सगळ्यांसमोर.

बोलणं सोपं होतं. हमाली करायची तर खांद्यावर पोतं देणारा कुणीतरी लागतो. आमच्याकडे जमिनीवरून पोतं कुणी उचलतच नाही. ट्रकवरून खांद्यावर, खांद्यावरून थप्पीवर. पडलंच एखादं, तर दोघे जण धरून तिसऱ्याच्या खांद्यावर चढवतात. अनातिल्देला मात्र कुणी हात लावणार नव्हतं. म्हणून ती मागच्या फाटकाशी उभी राहू लागली. तिथे किरकोळ गिऱ्हाइकं यायची, खाणावळवाल्या बाया, शाळेचे लोक. त्यांची पोती जमिनीवर पडलेली असायची. ती एकटीच ती वर घ्यायची, कशीबशी, पाठीचा कमानीसारखा बाक करून, दात-ओठ खात. संध्याकाळी घरी गेली की बुटाची नाडी सोडायला वाकता यायचं नाही.

अशीच एक दिवस शाळेच्या स्वयंपाकघराचं पोतं उचलत असताना मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, कमरेशी काही वैर आहे का?"

"कमरेशी नाही," ती न वळता म्हणाली. "एका माणसाशी आहे."

"मग त्याची मोडा. स्वतःची कशाला मोडताय?"

हे ओतोनिएल मास्तर. शाळेत कसरत शिकवायचे. समुद्राकडच्या उकाड्यातले, काळेभोर, उंचेपुरे, आणि आमच्या डोंगरातल्या थंडीनं पार वैतागलेले. दोन-दोन रुआने घालून कुडकुडायचे. तरुणपणी वजनं उचलायच्या स्पर्धा गाजवलेल्या, मग गुडघा गेला. शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांची एक लोखंडी दांडी आणि गंजलेल्या चार-सहा चकत्या पडून होत्या.

"शिकवाल?" अनातिल्देनं विचारलं.

"कशासाठी?"

"जिरवायची आहे एकाची."

मास्तरांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आठवड्यातून तीनदा या. त्याहून जास्त नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या हातात नुसती दांडी दिली. चकत्या नाहीत, काही नाही. तिला वाटलं, हा पण थट्टा करतोय. "मी पन्नास किलो वाहते, मास्तर!"

"वाहता. उचलत नाही, ओढता. आधी बसायला शिका. टाचा जमिनीवर, छाती पुढे, पाठ फळीसारखी. पोतं पाठीनं नाही, पायांनी वर येतं."

तिसऱ्या दिवशी तिला जिना उतरता येईना. मांड्या अशा धरल्या की बाजारात लोक म्हणायला लागले, "काय अनातिल्दे, घोड्यावरून पडलीस की काय?" आई रोज गरम पाण्याची पिशवी लावायची आणि मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पंधरा दिवसांनी दुखणं आपोआप कमी झालं. मग एक गंमत झाली. दर आठवड्याला दांडीवर चकती चढत होती, पण दंड होते तेवढेच. तिनं आरशात पाहिलं, फिरून पाहिलं, काही फरक नाही.

"मास्तर, वजन वाढतंय आणि अंगात काही भरत नाही. हे काय गौडबंगाल?"

"अंगात आधीपासून बरंच आहे," मास्तर म्हणाले. "पण तुमच्या डोक्याला त्याला हाक मारता येत नव्हती. शंभर कामगार होते, चाळीसच उठत होते. बाकीचे झोपा काढत होते. आता ते सगळे एका हाकेला उठायला शिकताहेत. अंग भरेल नंतर. खा तुम्ही."

ती खाऊ लागली. सकाळी दुधातलं अंड्याचं सार, दुपारी घेवडा, संध्याकाळी पुन्हा अंडी. आई म्हणाली, "कोंबड्यांना आता घरातून पळून जावंसं वाटत असेल." तिसऱ्या महिन्यात बाह्या घट्ट झाल्या, चौथ्या महिन्यात शिवण उसवली. तळहातांना घट्टे पडले. जिथे पूर्वी पोतं रुतायचं, तिथे खांद्यावर मांसाची गादी आली.

आणि इथेच तिनं चूक केली. आमच्या लोकांना वाटतं, जेवढं राबाल तेवढं वाढाल. मास्तर म्हणाले होते तीन दिवस; हिला वाटलं, आठवड्याला तीनच दिवस केलं, तर सूड तीन वर्षांनी मिळेल. राग थांबायला तयार नव्हता. मधल्या दिवशी ती परसात वाळू भरलेलं पोतं उचलायला लागली. रोज, मोजून चाळीस वेळा, आणि प्रत्येक उचलीला त्या माणसाचं नाव घ्यायची. "बेलार्मिनो." धप्. "बेलार्मिनो." धप्. शेजारणीला वाटलं, पोरीला वेड लागलं.

महिन्याभरात ती उचलायची ते वजन कमी व्हायला लागलं. मागच्या आठवड्यात सहज आलेली दांडी गुडघ्यापर्यंत येऊन थांबायची. कोपर ठणकायला लागलं, झोप उडाली, गिऱ्हाइकांवर खेकसायला लागली. मास्तरांनी तिचं कोपर दाबलं, ती किंचाळली.

"खरं सांगा. मधल्या दिवशी काय करता?"

तिनं वाळूच्या पोत्याचं सांगून टाकलं.

मास्तर भडकले. थंडीनं गारठलेला तो माणूस त्या दिवशी रुआना फेकून बोलला. "तुमच्या घरी शेती आहे ना? बटाटा काढला की त्याच वावरात लगेच बटाटा लावता? का जमीन पडीक ठेवता?"

"ठेवतो. नाहीतर पीक किडतं."

"मग अंगाला जमिनीपेक्षा कमी समजता का? उचलताना अंग वाढत नाही, बाई. उचलताना ते मोडतं. वाढतं ते नंतर, झोपेत, जेवल्यावर, तुम्ही गप्प बसलेल्या असताना. तुम्ही त्याला बसूच देत नाही. आणि मांस लवकर ऐकतं; त्याला हाडाशी बांधणारे दोर उशिरा ऐकतात, हाडं त्याहून उशिरा. तुमच्या मांसानं घाई केली आणि दोर तुटायला आलेत. दहा दिवस लोखंडाला हात लावायचा नाही."

"दहा दिवस? आणि रागाचं काय करू?"

"त्याला पण पडीक ठेवा."

राग काही पडीक राहिला नाही, पण तिनं ऐकलं. दहा दिवस खाल्लं, झोपली, चरफडली. अकराव्या दिवशी दांडी अशी वर आली की मास्तरच दचकले.

त्याच रिकाम्या दिवसांत तिला एक गोष्ट दिसली. रविवारी प्रार्थनेला ती मुद्दाम बेलार्मिनोच्या मागच्या बाकावर बसायची. देवाकडे लक्ष नव्हतंच. त्या माणसाची मान बघत बसायची, कसाई बैल बघतो तशी. उजवा खांदा टेकडीसारखा, डावा उतरलेला, मानेखाली घट्ट्याची गाठ. सगळे गुडघे टेकायचे तेव्हा तो टेकायचा नाही. बाकाच्या कडेवर अर्धवट बसून नुसती मान झुकवायचा. एकदा त्याची हॅट खाली पडली. त्यानं ती उचलली नाही. बायकोला कोपरानं ढोसलं, तिनं उचलून दिली.

अनातिल्देनं हे मास्तरांना सांगितलं.

मास्तर म्हणाले, "अंग तुम्ही जे रोज मागाल तेवढंच देतं. त्याच्याकडे तीस वर्षं काय मागितलं? वरून आलेलं ओझं घेऊन सरळ उभं राहायचं. त्यात त्याच्या पुढे कुणी जाणार नाही. पण खाली वाकायचं त्याला कुणी कधी सांगितलंच नाही. त्याची कंबर ते विसरून गेलीय."

"आणि मला त्यानंच जमिनीवरून उचलायला लावलं," अनातिल्दे म्हणाली. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

तरी मास्तरांनी तिला आणखी वर्षभर थांबवलं.

शेतकऱ्यांचा संत इसिद्रो आमचा. मे महिन्यात त्याचा दिवस. मूर्तीला बटाट्याच्या, मक्याच्या माळा, बैलांच्या शिंगांना फिती, चौकात मक्याच्या दारूची पिंपं. आणि त्या दिवशी, देवळाच्या पायरीवर उभं राहून, कुणालाही बिल्ल्यावर दावा सांगता येतो. जुनी रीत. दावा सांगणारा उचलायची पद्धत ठरवतो, मुकादम वजन ठरवतो, आणि ज्यानं बिल्ला वाटला त्या मुकादमानं स्वतः तसंच उचलून उत्तर द्यायचं. बारा वर्षांत कुणी दावा सांगितला नव्हता. बेलार्मिनोशी खांदा कोण लावणार?

मिरवणूक देवळात शिरली तशी अनातिल्दे पायरीवर चढली. अंगावर बापाचा रुआना.

"नऊ नंबर!" ती ओरडली.

चौक आधी हसला. बेलार्मिनो दारूचा वाडगा हातात घेऊनच पुढे आला. "पोरी, पुन्हा चिखल खायचाय का?"

"वजन सांगा, धर्मबाबा."

त्याला तिच्या दंडांत भरलेलं दिसत होतं, पण मस्ती उतरली नव्हती. "सहा अरोबा," तो म्हणाला. पंच्याहत्तर किलो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एव्हेलियो म्हणाला, "आता हिला पोत्यातच घालून न्यावं लागणार!"

"चालेल," अनातिल्दे म्हणाली. "आणि पद्धत माझी. चौकाला तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीला पोतं जमिनीवर ठेवायचं आणि जमिनीवरून उचलायचं. एकट्यानं. कुणी हात लावायचा नाही."

शिट्ट्या थांबल्या. जुन्या हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. बेलार्मिनोनं तोंड उघडलं, पण अख्खं गाव बघत होतं, आणि ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना 'खांदा लाव' म्हटलं, तो 'मला वाकता येत नाही' कसं म्हणणार? त्यानं वाडगा बायकोच्या हातात दिला आणि हॅट काढली.

आधी अनातिल्दे. ती पोत्याजवळ उकिडवी बसली, टाचा जमिनीवर, छाती पुढे. पोतं कवेत घेतलं, मांड्यांवर ओढलं, क्षणभर लेकरासारखं मांडीवर धरलं आणि कमरेच्या एका झटक्यानं खांद्यावर. चौकाला फेरी मारली. ठेवलं. पुन्हा उचललं. फेरी. पुन्हा उचललं. तिसऱ्या फेरीला तिच्या नाकातून रक्त आलं, तिनं बाहीला पुसलं आणि चालत राहिली. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक चाटच पडले होते.

मग बेलार्मिनो. माणूस बलदंड होता, हे खोटं कशाला बोलू? पहिली उचल त्यानं नुसत्या पाठीच्या जोरावर, बैलासारखा हंबरून घेतली. खांद्यावर आल्यावर तर ते पोतं त्याला पिसासारखं. फेरी त्यानं जवळजवळ धावत मारली. त्याच्या टोळीनं आरोळ्या ठोकल्या. दुसऱ्या उचलीला तो वाकला, पोतं गुडघ्यापर्यंत आलं, सुटलं. पुन्हा धरलं. चेहरा लाल, मग जांभळा. कसंबसं वर घेतलं, आणि वर घेताना त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो सगळ्यांनी ऐकला. दुसरी फेरी तो चालत गेला, वाकडा.

तिसऱ्यांदा तो वाकला आणि तिथेच अडकला. ना खाली, ना वर. दोन्ही हात पोत्यावर, पाठ आडवी, घाम टपटप मातीत.

"एव्हेलियो," तो हळूच म्हणाला. "हात लाव."

एव्हेलियो पुढे सरकला.

"खबरदार!" अनातिल्दे कडाडली. "त्याला जो हात लावेल, त्यानं टोळीत यायचं नाही. कळलं? हे तुमच्याच मुकादमाचं बोलणं आहे."

एव्हेलियो जागच्या जागी थांबला. कुणीच हललं नाही. बेलार्मिनो तसाच, बटाट्यापुढे ओणवा, सगळ्या गावासमोर. तिनं त्याला तसं मनसोक्त पाहिलं. दया आली का? छे! तिला वाटलं, बाबा, बघताय ना? शेवटी बायकोच येऊन त्याला दंडाला धरून घेऊन गेली. येफेर्सननं छातीवरचा बिल्ला काढून दिला. अनातिल्देनं तो बापाच्या रुआन्याला लावला.

लोकांना वाटलं, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण अनातिल्देचं अजून बाकी होतं.

दोन दिवसांनी बाजार भरला. नवा बिल्लेवाला पहिला आठवडा ट्रकवर उभा राहतो, ही पण रीतच. आणि दिवसाचं पहिलं पोतं मुकादम स्वतः घेतो; बेलार्मिनोनं वीस वर्षांत ते कधी चुकवलं नव्हतं. त्या सकाळीही तो आला. आला नसता तर मुकादमकी गेलीच असती. फुटक्या घड्यासारखा सांभाळत चालत आला, ट्रकखाली पाठ करून उभा राहिला आणि त्यानं उजवा खांदा पुढे केला. वर एव्हेलियो आणि अनातिल्दे. त्याला ठाऊक होतं की ती आहे. त्यानं दात आवळले, पाय रोवले. त्याला वाटत होतं, ही छातीइतक्या उंचीवरून सोडणार.

पोतं वर घेताना एव्हेलियोनं तिच्याकडे पाहिलं. अनातिल्देनं त्याला नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग एव्हेलियोला सोडायला लावून तिनं पोतं एकटीनं घेतलं, ट्रकच्या कडेवर गुडघा टेकून वाकली, आणि पोतं अलगद, अगदी अलगद, बेलार्मिनोच्या खांद्यावर ठेवलं. वर हातानं थोपटलंसुद्धा.

"हळू ठेवलंय हं, धर्मबाबा," ती म्हणाली. मोठ्यानं, मागच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल असं.

बेलार्मिनोनं पोतं थप्पीपर्यंत नेलं, लावलं, हात झटकले. मागे न बघता तो घराच्या रस्त्याला लागला. तो वळणाआड जाईपर्यंत अनातिल्दे बघत राहिली. मग तिनं दुसऱ्या पोत्याला हात घातला.

"चला रे," ती म्हणाली. "खांदा लावा."